गोळी, हाडे आणि हिशेब

शेजारच्या घरात गोड बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी सुनेच्या थायरॉइडच्या गोळीवर संक्रांत आली. ती गोळी हाडे पोखरते, असे आत्याबाईंनी कुठेसे ऐकले होते. "अगं, पोटातल्या जिवाची हाडं आता व्हायची आहेत. नऊ महिने बंदच ठेव ती," असा हुकूम सुटला. सुनेने तो मुकाट्याने पाळला. पंधरा दिवसांनी नाव घालायला गेल्यावर प्रकार उघडकीस आला. डॉक्टरबाईंनी गोळी लगेच सुरू करायला लावली आणि रक्त तपासून मात्रा वाढवली!

आत्याबाईंची भीती अगदीच निराधार नाही, हे आधी कबूल करू. हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. जुने हाड झिजवणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशींचे काम तिथे अखंड चालते. थायरॉइडचे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झाले, की झिजवणाऱ्यांचा वेग रचणाऱ्यांना गाठता येत नाही. हाड विरळ होत जाते. पण हे 'जास्त' झाल्यावर. मंदावलेल्या ग्रंथीकडून जेवढे कमी पडते, तेवढेच गोळीने भरून काढले तर ती हाडांची वैरीण नव्हे.

गरोदरपणात तर गरजच वाढते. गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते. तोवर त्याच्या मेंदूच्या घडणीसाठी लागणारे संप्रेरक आईच्याच रक्तातून येते. म्हणून बहुतेकींची मात्रा २५ ते ५० टक्क्यांनी वाढवावी लागते, तीही पहिल्या काही आठवड्यांतच. नेमकी तेव्हाच गोळी बंद करणे म्हणजे बाळाच्या तोंडचा घास काढून घेणे.

मग बाळाच्या हाडांचे काय? पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असते. त्यातले बरेचसे शेवटच्या तीन महिन्यांत साठते. त्यासाठी आईचे आतडे अन्नातले कॅल्शियम जवळजवळ दुप्पट शोषू लागते. शिवाय कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या मिळतातच. इथे मात्र एक गोम आहे. या गोळ्या थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतल्या, तर थायरॉइडची गोळी अंगी नीट लागत नाही. ती सकाळी उठल्यावर उपाशीपोटी घ्यावी. बाकीच्या किमान चार तासांनी.

हाडांना खरे जपायची वेळ बाळंतपणानंतर येते. वाढवलेली मात्रा तेव्हा सहसा पूर्वीइतकी करायची असते आणि सुमारे सहा आठवड्यांनी रक्त तपासायचे असते. पण बारसे, पाहुणे आणि जागरणे यांत आईची चिठ्ठी कपाटातच राहते. अंगावरच्या दुधासाठी तिच्या हाडांतले थोडे कॅल्शियम खर्ची पडतच असते. दूध तुटल्यावर ते बहुतांशी भरून येते. त्यात गरज संपलेली वाढीव गोळी वर्षानुवर्षे चालू राहिली, तर आत्याबाईंची भीती खरी ठरायची.

म्हणून वडीलधाऱ्यांनी "गोळी बंद कर" म्हणू नये. "रक्त तपासून आलीस का?" असे विचारावे, आणि गरोदरपणात विचारावे तसेच बाळंतपणानंतरही विचारावे.

शेजारी आता आत्याबाईच रोज सकाळी सुनेच्या हातावर थायरॉइडची गोळी ठेवतात आणि दुपारी जेवणानंतर कॅल्शियमची. बारशाच्या दिवशी त्यांना कपाटातल्या चिठ्ठीची आठवण करून द्यायचे काम मी माझ्याकडे घेतले आहे.