समुद्राशी नातं तुटलं ते कुणाचं?

समुद्रकिनाऱ्याच्या सुशोभीकरणाची कुठलीही योजना उघडा, एक वाक्य हमखास सापडतं: शहरातल्या माणसाला पुन्हा निसर्गाशी जोडायचं आहे. ऐकायला छान आहे. पण आमचा प्रश्न साधा आहे. हा 'माणूस' म्हणजे नेमका कोण?

आमचं निसर्गाशी असलेलं नातं आपोआप तुटलेलं नाही, ते तोडलं गेलं. चवदार तळ्याचं पाणी निसर्गाचंच होतं. त्यावर गुरंढोरं येत होती, अस्पृश्यांना मात्र बंदी होती. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेईपर्यंत ते कागदावरच खुलं होतं. म्हणून 'सार्वजनिक जागा' या शब्दावर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. तिथे कोण निर्धास्त बसू शकतो, हे आधी बघतो.

आता दादर चौपाटीकडे या. ७ डिसेंबर १९५६ रोजी याच वाळूवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. १९७१ साली इथे चैत्यभूमीचा स्तूप उभा राहिला. जवळच पर्जन्य जलवाहिनीच्या पातमुखावर २०२२ साली माता रमाबाई आंबेडकरांच्या नावाने दर्शक गॅलरी झाली. गॅलरी झाली, आनंद आहे. पण वर उभं राहून सूर्यास्त बघणाऱ्याने खालच्या नाल्याचाही विचार करावा. मुंबईच्या नाल्यांमधून सांडपाणी समुद्रात जातं. गटारं तुंबली की त्यांत उतरणारा माणूस कोणत्या समाजाचा असतो, हे सांगायची गरज नाही. २०१३ साली कायदा झाला, तरी देशात गटारांमधले मृत्यू थांबलेले नाहीत. नाला तसाच ठेवून त्यावर फरशी बसवणं म्हणजे निसर्गाशी नातं जोडणं नव्हे, दुर्गंधीवर झाकण ठेवणं आहे.

वरळीच्या कोळी बांधवांचंही तेच. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून बोटी जायच्या, तिथे दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरवलं होतं. मच्छीमारांनी काम अडवलं, तेव्हा कुठे ते १२० मीटर झालं. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणाऱ्यांना आराखडा करताना कुणी विचारलं नाही, आणि समुद्राशी जोडायचं म्हणे शहराला!

"६ डिसेंबरला लाखोंची गर्दी होते, घाण होते, म्हणून शिस्त हवी," असं काही जण म्हणतात. शिस्त आम्हाला कुणी शिकवू नये. पुस्तकं विकत घेऊन घरी परतणारी ही गर्दी आहे. सोय नसली की घाण होते, माणसं आली म्हणून नाही. दरवर्षी शिवाजी पार्कवर तात्पुरते मंडप, तात्पुरते नळ, तात्पुरती शौचालयं उभारली जातात आणि काही दिवसांत उचलली जातात. लोक दरवर्षी येणार हे ठाऊक असताना सगळं तात्पुरतंच का?

चैत्यभूमीसमोरच्या जागेचा नवा आराखडा करायचाच असेल, तर आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. समुद्रात जाणारं सांडपाणी आधी शुद्ध करा, आणि कुणालाही गटारात उतरवू नका. फरशी कमी करा. वाळू आणि माती मोकळी ठेवा. शोभेच्या ताडांऐवजी करंज, उंडी, भेंडी यांसारखी खाऱ्या वाऱ्यात टिकणारी, सावली देणारी झाडं लावा. पिण्याचं पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ, मोफत शौचालयं बारा महिने चालू ठेवा. फाटक नको, तिकीट नको. पुस्तकविक्रेत्यांना आणि फेरीवाल्यांना हक्काची जागा द्या. आणि आराखडा कागदावर उतरण्याआधी सफाई कामगार, कोळी आणि भीमसैनिक यांना बैठकीत बसवा.

या सोयी काही फक्त आमच्यासाठी नाहीत. ६ डिसेंबरला लाखोंना पुरेल अशी सावली आणि असं पाणी उरलेले ३६४ दिवस अख्ख्या दादरला मिळेल. तरुण मित्रांनो, आपल्या शहरात अशी योजना आली की हरकती-सूचनांची मुदत चुकवू नका. लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला जा. महाडच्या तळ्यावर हक्क बजावावा लागला होता, समुद्रावरही बजावावा लागेल.

जय भीम!