बाफल्याच्या मुलखात गव्हाची तपासणी

पवारांच्या धार-देवासात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या मराठी घरांत रोजची पोळी गव्हाची आणि पाहुणा आला की बाफलेही गव्हाचेच. अशा घरात मूल वाढेना, पोट फुगू लागलं, रक्त कमी भरलं, तर 'अंगी लागत नाही' म्हणत आणखी एक तूप-पोळी वाढली जाते. सिलिअ‍ॅक हा आजार असेल तर तीच पोळी लहान आतड्याचं अस्तर झिजवते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५०च्या प्रबंधात गव्हाचा हा संबंध मांडला. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हा आजार साधारण शंभरात एकाला आढळला.

आमचं कळकळीचं सांगणं आहे: या आजारासाठीची टीटीजी ही रक्ततपासणी आणि, डॉक्टरांनी सांगितल्यास, दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्याची तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडला तर निदान हुकतं. निदान झाल्यावर मात्र गहू कणभरही नको, आणि तेही जन्मभर. देशी कठिया गहूसुद्धा चालत नाही. डबीतल्या हिंगातही बहुधा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो. ज्वारी, मका, तांदूळ, डाळी खुशाल खाव्यात. दळण तेवढं घरच्या वेगळ्या जात्यावर किंवा घरघंटीवर व्हावं, कारण गिरणीत गव्हामागून टाकलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ उतरतंच.