पटावरचीं मुलें आणि भट्टीवरचीं मुलें

दुकानांत माल किती भरला यावरून नफा मोजणारा व्यापारी आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. माल खपला किती, उधारी वसूल झाली किती आणि वर्षाअखेर गांठीं राहिलें काय, हेंच तो पाहतो. परंतु लोककल्याणाच्या योजनांचा हिशेब घेण्याची वेळ आली म्हणजे हें शहाणपण आपण खुंटीला टांगून ठेवितों. शाळा किती उघडल्या, नांवें किती दाखल झालीं, मंजूर रक्कम किती खर्ची पडली, एवढें विचारून समाधान मानण्याची आपल्याला संवय जडली आहे. या संवयीची किंमत कोण देतो हें पाहावयाचें असेल, तर ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके पुरेसे आहेत.

या तालुक्यांत कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. शेती पावसावरची व पीक मुख्यतः भाताचें. कापणी आटोपली कीं पुष्कळांच्या हातांना काम उरत नाहीं. दिवाळीनंतर कितीएक कुटुंबें, विशेषतः कातकऱ्यांचीं, बिऱ्हाड पाठीवर घेऊन भिवंडी, कल्याण, वसई या बाजूच्या वीटभट्ट्यांवर जातात, तीं पाऊस तोंडावर आला म्हणजे परततात. शाळेचें वर्ष मात्र जूनमध्यें सुरू होऊन उन्हाळ्यांत संपतें. म्हणजे या घरांतील मूल गांवच्या शाळेंत बसतें तें चार-पांच महिनेच. आणि पट भरला जातो तो नेमका त्याच महिन्यांत. कागद खोटा नसतो व मूलही खोटें नसतें. मात्र फेब्रुवारी महिन्यांत तें मूल भट्टीवर आईबापांबरोबर विटा उलटीत असतें.

सन २०११ च्या ऑक्टोबरांत राज्य सरकारनें सर्व शाळांची एकाच वेळीं पटपडताळणी केली, आणि पटावरील लक्षावधी नांवांना प्रत्यक्ष मुलें नाहींत असें उघडकीस आलें. हें धाडस स्तुत्य होतें, यांत शंका नाहीं. परंतु ती पडताळणी दिवाळीपूर्वींची. भट्टीवर जाणारें मूल त्या दिवशीं वर्गांत हजर असणेंच संभवनीय होतें! शोध प्रामाणिक असूनही तो चुकीच्या महिन्यांत घेतला, तर सत्य हातीं लागत नाहीं. योजनेची परीक्षा तिच्या सोयीच्या दिवशीं न घेतां अडचणीच्या दिवशीं घ्यावी, हा यांतला पहिला धडा होय.

दुसरा धडा आंखणीचा. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत विधायक संसद या संस्थेनें भट्ट्यांवरच शाळा भरविण्यास आरंभ केला. कच्च्या विटा रचून मजूर ज्या झोंपड्या उभारतात त्यांस भोंगा म्हणतात. त्यावरून या ‘भोंगा शाळा’. येथें मुलानें शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणें वागावें अशी अपेक्षा न धरतां शाळाच मुलामागोमाग गेली. पुढें हंगामी वसतिगृहें व शिक्षण हमी कार्ड हे सरकारी उपायही आले. उपाय आहेत हें खरें. पण त्यांचें यश वाटलेल्या कार्डांच्या संख्येवरून ठरवूं नये. कार्ड घेऊन गेलेलें मूल दुसऱ्या गांवच्या वर्गांत बसलें काय, आणि जूनमध्यें परत आल्यावर त्याला वाचतां येतें काय, हे खरे प्रश्न आहेत.

मूळ प्रश्न मात्र शाळेच्या भिंतीबाहेरचा आहे. हीं कुटुंबें गांव सोडतात कां? पावसाळ्यांत घरांतले दाणे संपतात आणि त्याच वेळीं भट्टीवाल्याची उचल हातीं पडते. ती उचल फेडण्यासाठीं पुढचे सहा-सात महिने बांधले जातात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली. उचलीची गरज कायद्यानें बंद होत नाहीं. वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें लहान प्रमाणावर करून पाहिलेल्या प्रयोगांतून रोजगार हमीची कल्पना वाढली, १९७२ च्या दुष्काळांत ती कसास लागली आणि १९७७ सालीं राज्यानें तिचा कायदा केला. मागेल त्याला काम, हें तत्त्व थोर होय. परंतु मजुरी कामानंतर मिळते आणि उचल कामापूर्वीं. ज्याच्या चुलीवर आज कांहीं नाहीं, तो उद्यांच्या हमीवर थांबत नाहीं. यास्तव हमीची परीक्षा भरलेल्या मनुष्यदिवसांवर न थांबतां, तिच्यामुळें किती कुटुंबांना गांव सोडावें लागलें नाहीं, येथपर्यंत गेली पाहिजे.

अशी परीक्षा अशक्य आहे, असें कोणी म्हणेल. त्यास मुंबईचेंच उदाहरण देतों. ‘प्रथम’ संस्थेनें मागें पडलेल्या मुलांसाठीं ‘बालसखी’ नेमल्या. २००१ ते २००३ या काळांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं मुंबई व बडोदें येथें त्या योजनेची परीक्षा केली. कांहीं शाळांत एका इयत्तेला व कांहींत दुसऱ्या इयत्तेला बालसखी देऊन त्यांनीं मुलांची तुलना केली. मुलें पुढें गेलीं, हें सिद्ध झालें; आणि मदत थांबल्यावर वर्षभरांत तो लाभ बराचसा ओसरला, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. बॅनर्जी व डुफ्लो यांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आम्हांस त्या पारितोषिकाहून ती कबुलीच अधिक मोलाची वाटते. ज्या अहवालांत अपयशाला जागाच नाहीं, त्यास अहवाल म्हणावें कीं जाहिरात?

आमची मागणी मोठी नाहीं. पटाची मोजणी दिवाळीपूर्वीं एकदां व माघांत एकदां व्हावी. गैरहजर मूल कोठें गेलें, याची नोंद गांवानें करावी व ती भट्टीजवळच्या शाळेपर्यंत पोंचावी. हमीचें काम कापणी संपतांच सुरू व्हावें व मजुरी आठवड्याचे आठवड्यास मिळावी. आणि आलेला हिशेब ग्रामसभेंत मोठ्यानें वाचला जावा; कारण योजना सफल झाली कीं नाहीं, हें जिच्यासाठीं ती काढली त्या कातकरी बाईस कोणाही अधिकाऱ्याहून अधिक समजतें. यानें कारकुनाचें काम वाढेल, हें खरें. पण आज तें ओझें सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर आहे, विटांच्या रूपानें; आणि त्या विटांनीं आपलींच घरें उभीं राहतात. त्या विटांची किंमत आपण मोजतों तेव्हां त्या मुलाचें बुडालेलें वर्ष कोणत्या खात्यावर मांडावयाचें, याचा विचार आमच्या व्यापारी वाचकांनीं अवश्य करावा.