सात किलोंचे अर्थकारण

परदेशात सॅक पाठीवर टाकून भटकणाऱ्याने सामान कमी घ्यावे, हा जुना सल्ला आहे. पण हे 'कमी' म्हणजे नेमके किती, हे आता प्रवासी नव्हे तर विमान कंपन्यांची भाडेपत्रके ठरवू लागली आहेत.

प्रवाशाच्या पाठीवरची पिशवी किती मोठी असावी, या प्रश्नावर लोकप्रतिनिधींनी मतदान करावे, ही गोष्ट वरकरणी हास्यास्पद वाटेल. परंतु जून २०२५ मध्ये युरोपीय संसदेच्या वाहतूक समितीने नेमके हेच केले. आसनाखाली मावेल अशी ४० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरची एक पिशवी आणि त्याशिवाय सात किलोपर्यंतची एक छोटी बॅग प्रत्येक प्रवाशाला विनाशुल्क सोबत नेता आली पाहिजे, अशी भूमिका समितीने घेतली. तिचे कायद्यात रूपांतर व्हायचे तर सदस्य देशांचीही संमती लागते, आणि विमान कंपन्यांचा तिला कडवा विरोध आहे. पाठीवर एक सॅक घेऊन परदेशी निघणाऱ्या आपल्याकडील तरुणांनी या वादाकडे लक्ष द्यायला हवे, कारण त्यांच्या सहलीचा खरा खर्च तिकिटाच्या किमतीइतकाच या सेंटिमीटरांवर आणि किलोंवर अवलंबून असतो.

एक काळ असा होता की विमानाच्या तिकिटात वीस किलो सामान गृहीत धरलेलेच असे. ही रीत मोडण्यास २००६ साली सुरुवात झाली. त्या वर्षी रायनएअर या युरोपातील स्वस्त विमान कंपनीने सामानकक्षात ठेवायच्या बॅगेसाठी वेगळे पैसे आकारण्यास प्रारंभ केला. २००८ मध्ये इंधनाचे दर भडकले असताना अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेवर १५ डॉलरचे शुल्क लावले आणि अमेरिकेतील इतर बड्या कंपन्याही एकेक करून त्याच मार्गाने गेल्या. २०१० मध्ये स्पिरिट या कंपनीने त्याही पुढे जाऊन डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेलाही दर लावला. चार वर्षांत तिकिटाचा अर्थच बदलला. पूर्वी ते माणूस आणि त्याचे सामान या दोहोंच्या वाहतुकीचा करार होते. आता ते केवळ माणसाचे राहिले.

कंपन्यांच्या बाजूनेही काही बोलण्यासारखे आहे. सामानकक्षात बॅगा कमी गेल्या की त्या चढविण्या-उतरविण्यास माणसे कमी लागतात, विमान जमिनीवर कमी वेळ थांबते आणि दिवसात एखादी फेरी अधिक होऊ शकते. ज्याच्यापाशी सामान नाही त्याने दुसऱ्याच्या सुटकेसचा भार का सोसावा, हा त्यांचा प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. युरोपीय न्यायालयानेही २०१४ मध्ये व्हुएलिंग कंपनीच्या प्रकरणात सामानकक्षातील बॅगेसाठी वेगळे शुल्क घेण्यास मुभा दिली. मात्र त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले, की हातातील सामान हा प्रवासाचा अपरिहार्य भाग आहे आणि आकार व वजन वाजवी असेल तर त्यासाठी जादा पैसे मागता येणार नाहीत. सारा वाद 'वाजवी' या एका शब्दापाशी अडकला आहे. स्पेनच्या ग्राहक व्यवहार खात्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये हातसामानाचे शुल्क आणि अन्य काही प्रथांसाठी पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले.

दरम्यान, रायनएअरने सप्टेंबर २०२५ पासून आपली मोफत पिशवी ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटर केली खरी, पण ठरलेल्या मापापेक्षा मोठी बॅग विमानाच्या दाराशी पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला मिळणारे बक्षीसही वाढविले. दाराशी पकडल्या गेलेल्या प्रवाशाला ७५ युरोंपर्यंत भुर्दंड बसू शकतो. अनेकदा तो मूळ तिकिटापेक्षा जास्त असतो. जेथे नियमभंग हेच उत्पन्नाचे साधन होते, तेथे नियम सोपे राहतील अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे ठरेल.

भारतीय भटक्याची अडचण आणखी निराळी आहे. मुंबईहून निघताना आखाती अथवा आशियाई कंपन्यांच्या तिकिटावर वीस ते तीस किलोंची सवलत बहुधा मिळते. ती पाहून सामान भरले जाते. पुढे बँकॉकहून पेनांगला किंवा रोमहून लिस्बनला जाणारे तिकीट वेगळे, कंपनी वेगळी आणि सवलत शून्य. एअरएशियाच्या साध्या तिकिटावर दोन्ही पिशव्या मिळून सात किलोच चालतात. पहिल्या विमानाने दिलेली उदारता दुसऱ्या विमानाच्या दाराशी अशी व्याजासह वसूल होते. सबब, एकाहून अधिक तिकिटांच्या प्रवासात सॅक भरायची ती सर्वांत कडक नियम असलेल्या टप्प्याच्या मापाने. हे वारे आपल्याकडेही पोहोचले आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये देशांतर्गत विमानांत सामानाशिवायच्या स्वस्त तिकिटांना परवानगी दिली.

सात किलोंत महिनाभराचे सामान बसते काय? बसते, मात्र हिशेब कठोर हवा. चाकांच्या बॅगेचे रिकामे वजनच अडीच-तीन किलो भरते; साध्या सॅकचे एक-सव्वा किलो. म्हणजे निम्मी लढाई बॅग निवडतानाच जिंकली किंवा हरली जाते. तीन जोड कपडे पुरतात, कारण महिन्याच्या प्रवासातही कपडे आठवड्याचेच लागतात. बाकी धुण्याचा प्रश्न असतो. जीनची पँट जड असते आणि एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. तिच्याऐवजी पातळ, लवकर वाळणारी पँट बरी. जड बूट आणि जाकीट सॅकमध्ये न भरता अंगावर घालावे. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांना यातले काही नवे नाही. चढावर प्रत्येक अनावश्यक वस्तू जाब विचारते, हे त्यांना ठाऊक असते.

वजनाइतकाच सॅकमधील वस्तूंचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आल्यानंतर हातसामानातील द्रवपदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली. नव्या तपासणी यंत्रांमुळे काही विमानतळांवर ती शिथिल झाली असली, तरी परतीच्या विमानतळावर ती असेलच असे धरून चालावे. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला आग लागली आणि संशयाची सुई पॉवर बँकेकडे वळली. त्यानंतर आशियातील अनेक कंपन्यांनी त्याबाबतचे नियम आवळले. पॉवर बँक सामानकक्षात देता येत नाही. ती सोबतच ठेवावी लागते.

मराठी घरातून निघणाऱ्या सॅकमध्ये खाऊ असतोच. युरोपीय संघात दुधाचे व मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि साजूक तूप बाद. सुके खोबरे आपोआप तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. अनेक घरांच्या मसाल्यात पडणारी खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थ मानली जाते. न्यूझीलंडमध्ये खाद्यपदार्थच नव्हे, तर ट्रेकिंगचे वापरलेले बूटही जाहीर करावे लागतात. लपविल्यास ४०० डॉलरचा दंड जागेवरच होतो. सर्दीची काही औषधे जपानमध्ये निषिद्ध आहेत. तेव्हा औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत, हे उत्तम.

आणि एक ओझे असे आहे, जे कोणत्याही काट्यावर मोजले जात नाही. शेंगेन व्हिसासाठी आपल्या तरुणाला ९० युरो शुल्क, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची विवरणपत्रे आणि मुक्कामाचे पुरावे द्यावे लागतात. 'जाऊ तिथे राहू' ही खऱ्या भटक्याची चैन त्याला परवडत नाही. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि आपल्याकडील नवख्या भटक्यांसाठी आग्नेय आशियाची वाट बरीच सुकर झाली.

'आपले लोक फार सामान नेतात' ही टिंगल नेहमीची आहे. पण हलके फिरण्यामागे एक गृहीत असते: जे विसरले ते तिथे विकत घेता येईल. युरो आणि डॉलर कमावणाऱ्याला ते सहज शक्य आहे. रुपयांत कमावणाऱ्याला झुरिचमध्ये विसरलेले जाकीट विकत घ्यावे लागले, तर दोन दिवसांचा खर्च निघून जातो. म्हणूनच तो घरूनच दोन नेतो. आपल्या बॅगेत केवळ हौस नसते, विनिमयदराची भीतीही असते. ही भीती सल्ल्याने जात नाही. मुक्कामाचे ठिकाण, हवामान आणि नियम यांची नीट चौकशी केली तर मात्र ती निश्चित कमी होते.

सात किलोंत प्रवास करणे शक्य आहे आणि ते सुखाचेही आहे. पण त्या सात किलोंचे माप प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने बदलावे आणि चुकणाऱ्याला दाराशी लुटावे, हे मान्य करण्याचे कारण नाही. तिकीट विकतानाच सामानासह पूर्ण किंमत दाखवावी आणि हातसामानाचे किमान माप सर्वत्र एकच असावे, एवढी मागणी माफक आहे. प्रवाशाने आपले ओझे कमी करावे हे खरेच. पण नियमांचे ओझेही त्याच्या एकट्याच्या पाठीवर टाकू नये.