पागडी : मानाची आणि नाइलाजाची

काही शब्दांचा इतिहास हाच समाजाचा इतिहास असतो. ‘पागडी’ हा असाच एक शब्द. पगडी, पागडी, पागोटे ही एकाच कुळातील नावे. पुणेरी पगडी विद्वत्तेची आणि पेशवाईची खूण ठरली; महात्मा फुल्यांचे पागोटे बहुजनांच्या आत्मसन्मानाचे प्रतीक झाले. शेला-पागोटे देऊन माणसाचा सन्मान होई. पुढे स्नेहसंमेलनांत ‘शेलापागोटे’ म्हणजे थट्टेच्या पदव्या, असा अर्थ रूढ झाला. डोक्यावरचे हे वस्त्र शहरात मात्र डोक्यावरच्या छपराची किंमत बनले. भाड्याच्या खोलीत पाऊल ठेवण्यापूर्वी, बहुधा पावतीविना, मोजावी लागणारी रोख रक्कम म्हणजे पागडी.

हा अर्थ टंचाईतून जन्मला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले आणि मालकाने भाड्याखेरीज रक्कम घेणे गुन्हा ठरवले. भाडेकरूला संरक्षण हवेच होते. परंतु त्यासोबत श्रमिकांना परवडतील इतकी घरे शासनाने बांधली नाहीत. टंचाई राहिली, म्हणून तिची किंमतही राहिली. ती फक्त टेबलाखाली गेली. मालकाने भाड्यातील तूट पागडीतून वसूल केली. घर सोडणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रक्कम घेऊ लागला आणि मालक त्यात हिस्सा मागू लागला. डागडुजीचे दायित्व मात्र कोणीच घेतले नाही.

गोठवलेल्या भाड्याची ही व्यवस्था समर्थनीय उरली नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ मान्य केली आणि पागडीही कायदेशीर ठरवली. रोग बरा झाला नाही. त्याचे नाव तेवढे गुन्ह्यांच्या यादीतून वगळले गेले.

पागडी देणारा स्वतःला अर्धा मालक समजतो. कायद्याच्या लेखी तो भाडेकरूच असतो. हा भेद इमारत खचू लागली की जीवघेणा ठरतो. २०१५ च्या पावसाळ्यात आठवड्याभराच्या अंतराने ठाकुर्लीत आणि ठाण्याच्या नौपाड्यात इमारती कोसळून माणसे दगावली. धोक्याची नोटीस मिळूनही लोक घर का सोडत नाहीत, असा प्रश्न अशा वेळी विचारला जातो. उत्तर उघड आहे. जागा एकदा सोडली की हक्क परत मिळेल याची हमी कोण देणार? हा हट्ट नव्हे, अनुभवातून आलेला हिशेब आहे.

म्हणून ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. प्रत्येक जुन्या चाळीत भाडेपावत्या, वारसांची नावे आणि खोलीचे क्षेत्रफळ यांची नोंद करून घ्यावी. घर रिकामे करण्यापूर्वी महापालिकेने प्रत्येक रहिवाशाला हक्काचा लेखी दाखला द्यावा, अशी मागणी संघटितपणे रेटावी. छप्पर हा ज्या दिवशी नागरिकाचा हक्क होईल, त्या दिवशी पागडी पुन्हा डोक्यावर जाईल.