थोड्या खर्चात भिंतींचे रूप

रमजान जवळ आला, घरात निकाह ठरला किंवा मुलीला बघायला पाहुणे येणार असले, की घरातल्या बाईची नजर आधी भिंतींवर जाते. कुठे पोपडे निघालेले असतात, कुठे जुन्या खिळ्यांची भोके दिसतात, शेगडीमागची भिंत तेलकट झालेली असते. मग कोणीतरी सुचवते, छताला पीओपी करून घ्या, बैठकीत पॅनल लावा, हप्त्याने होऊन जाते. पाहुणे चहा घेऊन तासाभरात निघून जातात. हप्ता मात्र घरात राहतो आणि मुलांची फी भरायच्या वेळी आठवतो. म्हणून भगिनींनो, या महिन्यात कर्ज न काढता भिंतींचे रूप कसे बदलावे, ते पाहू.

आपल्या नगरच्या किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे. निजामशाहीत, 1567 च्या सुमारास बांधलेली ही लहानशी मशीद. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी जमवून ती उभी केली, असे सांगतात. तिला झगमगीत रंग नाही की आरसे नाहीत. दगडातली नक्षी आणि तिच्यावर फिरणारी ऊन-सावली, एवढ्यावर ती साडेचारशे वर्षे देखणी राहिली आहे. घराचेही तसेच असते. रंग कमी, हात साफ आणि जागा मोकळी, एवढे जमले की भिंत शोभते.

आधी ओल, मग रंग

आपला जिल्हा कमी पावसाचा, तरी भिंतीला ओल येतेच. स्लॅबची फट, न्हाणीघराची सामायिक भिंत, गच्चीवरची पाण्याची टाकी, ही नेहमीची कारणे. अकोले, भंडारदऱ्याकडे तर पाऊसच दांडगा. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावा, सहा महिन्यांत फुगतो. बुरशी धरते ती वेगळीच, आणि घरात दमेकरी मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर त्याचा श्वास तिथेच अडतो.

ओल कुठून येते ते घरच्या घरी कळते. साध्या प्लॅस्टिकचा फूटभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. पाणी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे जमले, तर ओल भिंतीतून येते. आधी गळती बंद करा. पाणी बाहेरच्या बाजूला असेल, तर खोलीतली वाफ भिंतीवर बसते आहे. मग खिडकी उघडी ठेवणे आणि कपडे खोलीत न वाळवणे, एवढाही उपाय पुरतो.

सध्या बाजारात विटांच्या नक्षीचे फोमचे चिकट तक्ते स्वस्तात मिळतात. ओल लपवायला ते लावू नका. आतली ओल आतच कोंडते आणि तक्ता काढताना गिलाव्याचे पोपडेही बरोबर येतात. शेगडीच्या मागे तर मुळीच नको, फोम पटकन पेट घेतो.

चुन्याची सफेदी अजून कामाची आहे

नगरजवळचा फराहबाग महाल 1583 साली पुरा झाला, तो चुन्याच्या गिलाव्याचा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि बुरशीला थारा देत नाही. जुन्या दगड-मातीच्या घराला, माळवदाच्या खोलीला, गुरांच्या गोठ्याला आजही यासारखा स्वस्त उपाय नाही.

एक किलो कळीच्या चुन्याला साधारण पाच लिटर पाणी धरा. लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा सोडा. चुना उकळतो, म्हणून प्लॅस्टिकची बादली नको आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. एक दिवस भिजल्यावर कापडाने गाळा. त्यात डिंकाचे थोडे पाणी आणि चिमूटभर नीळ घाला. भिंत झाडून, पाणी शिंपडून दोन-तीन पातळ हात द्या. पहिला हात फिका दिसतो, घाबरू नका, वाळल्यावर पांढरेपणा उठतो. ऑइलपेंट किंवा इमल्शन लावलेल्या भिंतीवर मात्र चुना धरत नाही. तिथे डिस्टेंपर किंवा इमल्शनच लावावे.

सगळे घर नको, एक भिंत पुरे

चारही भिंती रंगवण्याइतके पैसे नसतील, तर दारातून आत आल्यावर समोर दिसते ती एकच भिंत रंगवा. बारा बाय दहा फुटांची भिंत म्हणजे एकशे वीस चौरस फूट. दोन हातांना साधारण लिटर-दीड लिटर इमल्शन लागते. नेमका हिशेब डब्यावर छापलेला असतो, तो वाचूनच डबा घ्या. बाकी तीन भिंती पांढऱ्या किंवा मोतिया ठेवा. ऊन कमी येणाऱ्या खोलीत पिवळसर, बदामी छटा खुलते. पश्चिमेच्या तापणाऱ्या खोलीत फिका हिरवा किंवा आकाशी रंग डोळ्यांना थंडावा देतो. दुकानातला नमुन्याचा कागद दिव्याखाली निवडू नका, घरी आणून भिंतीला लावून सकाळ-संध्याकाळ पाहा.

भाड्याच्या घरात मालकाला विचारल्याशिवाय रंग लावू नये, खिळेही ठोकू नयेत. तिथे पडद्याची दांडी, दाराआडचे हुक आणि भिंतीला टेकवून उभे केलेले लाकडी रॅक यांवर सगळी सजावट होते. घर सोडताना ती तुमच्याबरोबर येते.

पेटीतले कापड बाहेर काढा

प्रत्येक घरी एक तरी पेटी असते, जिच्यात नानीची जरीची ओढणी, फाटलेला शालू, लग्नातला कमख्वाबचा तुकडा घडी घालून ठेवलेला असतो. त्यातला धड राहिलेला भाग कापून पुठ्ठ्यावर ताणून लावा आणि साध्या लाकडी चौकटीत बसवा. छत्रपती संभाजीनगरचे हिमरू कापड तर सुती-रेशमी विणीचे, त्याचा हातभर तुकडाही भिंतीवर शोभतो. भरतकामाच्या गोल चौकटीत कशिदा ताणून तीन लहान-मोठ्या चौकटी एकत्र लावल्या, तरी कोपरा भरतो. असे काम शिकलेल्या मुलीला आपल्या हातचे भिंतीवर पाहून जो आनंद होतो, तो विकतच्या फ्रेममध्ये नाही. जुन्या गोधडीची चांगली बाजू पलंगामागे लावली, तर सिमेंटच्या भिंतीचा रखरखीतपणाही जातो.

हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरातील चित्रांचा पडदा उतरवला गेला, तेव्हा त्याच कापडाच्या उशा करण्यात आल्या, ही हदीस आपल्याला माहीत आहेच. कापड वाया गेले नाही. आपल्यालाही तेवढी काटकसर जमावी.

आयतींचा मान

बैठकीत आयतुल कुर्सी किंवा बिस्मिल्लाहची चौकट बहुतेक घरांत असते. ती लावताना जागा पारखावी. शेगडीच्या धुरात, चप्पल-बुटांच्या स्टँडवर, न्हाणीघराच्या भिंतीला किंवा झोपताना पाय होतात त्या बाजूला आयत नको. उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर किंवा त्याहून वर, एकच चौकट, आजूबाजूला मोकळी जागा, म्हणजे अक्षरे वाचली जातात. एका भिंतीवर सात-आठ चौकटी, मध्ये घड्याळ आणि खाली कॅलेंडर असले, की कशावरच नजर ठरत नाही. रंगकामाच्या वेळी या चौकटी आधी उतरवून उंच जागी कापडात ठेवा. नमाज पढता त्या बाजूची भिंत साधीच ठेवा, मन तिथे नक्षीत गुंतू नये.

चार सुट्ट्यांचे काम

हे सगळे बाईच्या एकटीच्या माथी मारू नये. पहिल्या सुट्टीला सगळ्यांनी मिळून नको असलेले सामान काढा, भिंती झाडा. दुसऱ्या सुट्टीला ओल आणि भोके बुजवा, लांबी वाळू द्या. तिसऱ्या सुट्टीला रंग, त्यात मुलांनी रोलर धरावा आणि उंचावरचे काम शिडीवरून घरच्या पुरुषांनी करावे. चौथ्या सुट्टीला चौकटी, पडदे आणि दिवे. कोपऱ्यातला एखादा पिवळ्या उजेडाचा दिवा नव्या फर्निचरइतके काम करतो.

बाजारात जाण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: काय दुरुस्त करायचे, काय घरातच आहे, काय विकत आणायचे. तिसरी ओळ लहान झाली की खर्च आपोआप आटोक्यात येतो. आणि स्थळ घेऊन येणारी मंडळी समजदार असतील, तर स्वच्छ भिंत आणि नीट आवरलेली बैठक पाहून त्यांना या घरातला सलीका कळेल. पॅनल पाहूनच नाते ठरवणारे असतील, तर मुलगी देण्याआधी आपणही दोनदा विचार करायला हवा.