‘बीट’ आणि बडवे

इंग्रजी ‘बीट’ हे क्रियापद मोठे सामर्थ्यवान असून त्याच्या तोलाचा शब्द मराठीत नाही, असे म्हणणारे विद्वान आमच्यात पुष्कळ आहेत. काळीज, मृदंग, अंडे, शत्रू आणि नोकर या सर्वांची व्यवस्था हा एकच शब्द लावतो, याचे त्यांस कौतुक. आम्हांस हा निव्वळ मोघमपणा वाटतो. मराठीत काळीज धडधडते, अंडे फेटतात, कणसे बडवितात, धुणे आपटतात, शत्रूस नमवितात; मार खातो तो जिवंत प्राणी. ‘हाक मारणे’, ‘उडी मारणे’ पुढे करून कोणी आम्हांस कोंडू पाहील, तर तेथे अर्थ हाकेत आणि उडीत आहे. ‘मारणे’ केवळ हाताखालचे गडी.

हा भेद ज्यांस क्षुल्लक वाटतो त्यांनी आषाढीस पंढरपुरास जावे. तेथे मृदंगावर थाप पडते, टाळ वाजतात. इंग्रज लेखकाने दोहोंस ‘बीट’ म्हटले तरी त्याच्या वाचकास काही खटकत नाही. परंतु भाषांतरकाराने कोशातला हाती लागेल तो प्रतिशब्द उचलून ‘टाळ कुटीत’ लिहिले की अनर्थ झाला. ‘टाळकुट्या’ ही मराठीत शिवी आहे. वारकऱ्याचा टाळ वाजतो. तो कुटला जातो टवाळखोराच्या तोंडी. मुळात नसलेला उपहास भाषांतरकार पदरचा घालतो, आणि त्याचे त्यास भानही नसते!

याच गावी विठ्ठलाच्या सेवाधाऱ्यांस बडवे हे नाव पडले. लोकव्युत्पत्ती ते ‘बडविणे’ या धातूशी जोडते. शास्त्रज्ञांनी काय म्हणावयाचे ते म्हणावे. अस्पृश्य ठरवून देवळाबाहेर ठेवलेल्या चोखोबांनी बडव्यांचे गाऱ्हाणे थेट विठोबापाशी नेले, तेव्हा ‘मारणे’ हाच साधा शब्द योजिला. त्यावर ‘ताडन’, ‘प्रहार’ अशी संस्कृत शाल पांघरविणारे टीकाकार आम्हांस बिलकूल पसंत नाहीत. येथे ‘बीट’ खुशाल लिहावे, कारण येथे मार खाणारा माणूस आहे.

बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने काढून घेतले, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शब्द मात्र हक्क सोडावयास तयार नाही. २००५ मध्ये शिवसेना सोडताना राज ठाकरे यांनी आपले भांडण विठ्ठलाशी नसून भोवतालच्या बडव्यांशी आहे असे सांगितले, तेव्हा महाराष्ट्रात कोणास त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. ‘बीट’च्या त्या भक्तांनी या वाक्याचे इंग्रजी करून दाखवावे; आम्ही वाट पाहतो.